बूच

बोनस झाला म्हणून
राजारामपुरीत, तिसऱ्या गल्लीत, मुजावरच्या दुकानात गेलो.
म्हटलं, कानात घालायचं काहीतरी दाखव.
गाण्यासाठी नको. बससाठी.

त्याला कळेना.
मग सांगितलं :
रंकाळा स्टँड ते गोकुळ शिरगाव,
जाता पन्नास मिनिटं, येता तासावर काटा,
खिडकीच्या काचा दात वाजवत असतात
हुडहुडी भरल्यासारख्या,
इंजिनावरचं झाकण सुतळीनं बांधलेलं,
आणि मागच्या सीटवर कुणीतरी रोज
कुस्तीचा व्हिडिओ बघतो, हलगीसकट.
कंपनीत आठ तास ग्राइंडर.
मधला एवढा रस्ता तरी माझा असू दे.

"बगा पावणं," मुजावर म्हणाला, "दोन परकार हाईत.
एक बॅटरीवर चालतंय. भाईरच्या गोंगाटावर
उलटा गोंगाट सोडतंय, दोन्ही मरत्यात.
दुसरं म्हंजे नुसतं बूच. बाटलीला असतंय तसं.
बूच नीट बसलं तर
बॅटरीला इचारतंय कोण?"

मला बूच पटलं.
डोक्यावरून जाणारे गलेलठ्ठ त्यानं आपणच मागं सारले,
पिशवीत डबा, छत्री, जर्किन, त्यांना जागा कुठली?
मुठीत मावेल ते काढ, म्हटलं.
त्यानं रबरं मांडली काचेवर :
मुगाएवढं, तुरीएवढं, हरभऱ्याएवढं,
आणि एक स्पंजचं, चिमटीत दाबून घालायचं,
मग आत सावकाश फुगतं.
साडेआठशे.

मोबाइलला जोडून त्यानं काहीतरी लावलं.
डावीकडं घुमलं.
उजवीकडं काही नाही.
पीस खराब आहे, मी म्हटलं.
त्यानं दुसरा फोडला. तोही तसाच.
तिसरा.
काय माल ठेवतोस रे,
मी जरा मोठ्यानंच म्हटलं असणार,
कव्हर बघणाऱ्या पोरी वळल्या.

चौथा डबा त्यानं फोडला नाही.
तेच बोंड माझ्या उजव्या कानातून काढलं,
डाव्यात घातलं.
खणखणीत.

मुजावर काच पुसू लागला.
काच स्वच्छ होती.
"पीस बरूबर हाईत," एवढंच म्हणाला,
की नुसते ओठ हलले,
मला नक्की सांगता येणार नाही.

फेटलिंगला अठरा वर्षं झाली.
ग्राइंडर उजव्या हाताला.
कंपनी दर महिन्याला पिवळ्या स्पंजाच्या गोळ्या देते,
आम्ही त्या घरी नेतो.
एका वर्षी धाकट्यानं गणपतीच्या मखराला चिकटवल्या,
झेंडूसारख्या दिसल्या होत्या,
बघायला आलेल्या बायकांनी कौतुक केलं.

एकाच बाजूचे पैसे घे, मी म्हटलं.
मुजावर हसला नाही.
पन्नास रुपये मात्र कमी केले.

परतीच्या बसमध्ये डावं बूच घातलं.
गाणं लावलं नाही.
काचा थरथरत होत्या, मागं मल्ल एकमेकांना भिडले असतील,
उजळाईवाडीला कंडक्टर चौगुल्याचं तोंड उघडमीट झालं,
त्यानं खांद्यावर टिचकी मारली तेव्हा
पास दाखवला.
उजव्या कानाला बूच लागलंच नाही.
तिथं आधीच कुणीतरी मारून ठेवलंय,
इतकं चोख
की मुजावरकडंही मिळायचं नाही.

मग आठवलं, रंकाळ्यावर फिरताना
पद्मजा कायम माझ्या डाव्या बाजूला.
मला वाटायचं, तिला पाणी बघायला आवडतं.
पण येताना पाणी उजवीकडं असतं.
तरी ती डावीकडंच.
किती वर्षं?
जेवताना, स्कूटरवरून उतरल्यावर,
लग्नाच्या पंगतीत सुद्धा
पाट ओढून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी लॉकरमधली पिवळी पुडी फोडली.
शेजारच्या मशिनवरचा बाबर हसला, काय म्हणाला
ते ऐकू आलं नाही, बरंच झालं.

घरी अजून काही सांगितलेलं नाही.
काल मेथी निवडताना तिनं विचारलं,
बसलं का नीट?
बसलं, मी म्हटलं,
आणि तिनं निवडलेली पानं
माझ्या डाव्या गुडघ्याजवळच्या ताटलीत टाकत राहिली.